टीचरांनी न दिलेलं नाव

टीचर मॅच बघत नसत. मैदानाच्या कडेला काजूच्या झाडाखाली त्यांची निळी प्लास्टिकची खुर्ची असे आणि खुर्चीचं तोंड रस्त्याकडे. मागे मुलं लाल धुळीत बॉलपाठी धावताहेत, पालक घसा फोडून ओरडताहेत आणि ह्या बाई खाणीवरून येणारे ट्रक बघत शांत बसलेल्या. पहिल्या दिवशी मी त्यांना कुणाची तरी आत्या समजलो आणि विचारलं, "तुमचा मुलगा यांतला कुठला?"

"एकही नाही. मी इथली मुख्य. तू नवा कोच ना? बस."

खुर्ची एकच होती आणि तिच्यात त्या बसल्या होत्या.

मी तेव्हा पंचविशीत होतो. राहायला जवळच्याच सर्वण गावी. एका फुटबॉल क्लबच्या राखीव संघातून खेळता खेळता गुडघा गेला, म्हणून प्रशिक्षकाचं पहिलं लायसन्स काढलं आणि क्लबनं मला मुळगावच्या केंद्रावर टीचरांचा मदतनीस म्हणून पाठवलं. क्लबची रचना सोपी होती. डिचोली आणि पेडण्याच्या गावांतून अशी केंद्रं, तिथं आठ ते बारा वर्षांची मुलं. त्यांतली निवडक पुढं निवासी अकादमीत जायची. तिथून पंधरा वर्षांखालचा संघ, मग सतरा आणि नशीब असेल तर एक दिवस मुख्य संघ. माझ्याजवळ बॅगेत तीन महिन्यांचा छापील कार्यक्रम होता. कुठल्या आठवड्यात पासिंग, कुठल्या आठवड्यात हेडिंग, सगळं ठरलेलं.

दुसऱ्या दिवशी मैदानावर गेलो तर मैदान तिकोनी होतं. टीचरांनी मार्कर तसेच लावले होते. मुलांनी एक शब्द विचारला नाही. तिकोनात खेळली. त्याच्या पुढच्या दिवशी मैदान लांबच लांब आणि अरुंद, एखाद्या बोळासारखं. एकदा एका बाजूला गोलच नव्हता. एक नवीन आलेला मुलगा रडवेला होऊन म्हणाला, "टीचर, आज मैदान वांकडें कित्याक?"

"वाकडं नाही रे. आज असंच आहे."

मी माझा छापील कागद त्यांच्यापुढे धरला. चौकोनी मैदान असल्याशिवाय यातलं काहीच करता येणार नाही, असं सांगितलं. त्यांनी कागद वाचला, एका शब्दाचा ऱ्हस्व दीर्घ केला आणि परत दिला. चाळीसएक वर्षं मराठी प्राथमिक शाळेत शिकवल्याची ती सवय होती.

ह्या बाई कधी फुटबॉल खेळल्या होत्या का, हे मला कधीच कळलं नाही. विचारायचा मी कंटाळा केला असं नाही. एकदा त्या म्हणाल्या, कॉलेजात त्या गोलकीपर होत्या. महिन्याभरानं विचारलं तर म्हणाल्या, "मी? मी कधी बॉलला पाय लावला नाही." तिसऱ्यांदा म्हणाल्या की भाऊ खेळायचा, आणि त्याचे मोजे धुता धुता त्यांना खेळ समजला. तिन्ही वेळा चेहरा इतका सरळ की खोटं म्हणायची सोय नव्हती. केंद्र त्यांच्याकडे कसं आलं याच्याही दोन गोष्टी गावात होत्या. एक अशी की क्लबच्या जुन्या कुणा पदाधिकाऱ्याला त्यांनी पहिलीत शिकवलं होतं. दुसरी अशी की शाळेच्या मैदानाच्या फाटकाची चावी त्यांच्याकडे होती, आणि क्लबची माणसं चावी मागायला गेली तेव्हा चावीबरोबर त्याही आल्या.

मला त्या 'कोच' म्हणत. बाकी सगळ्यांना नावानं हाक आणि मला 'अरे कोच'. ती मानाची हाक होती की टोमणा होता, तेही मला ठरवता आलं नाही.

पाठ करून का बसता, असं विचारलं तर एकदा उत्तर मिळालं, "ऊन डोळ्यांवर येतं." दुसऱ्यांदा, "ऐकू नीट येतं." हे दुसरं मला खरं वाटायला लागलं होतं, कारण एका संध्याकाळी त्या मान न वळवता म्हणाल्या, "साईशच्या बुटाचा तळ सुटलाय. बघ." मी बघितलं. उजव्या बुटाचा तळ खरंच फटफटत होता. त्या दिवसापासून मी त्यांच्याकडे जरा वेगळ्या नजरेनं बघायला लागलो. आठवडाभरानं त्यांनी हात वर करून खेळ थांबवला. "कोण तरी रडतंय," म्हणाल्या. आम्ही एकेका मुलाचा चेहरा बघितला. फाटकाबाहेर जाऊन आलो. कुणीही रडत नव्हतं. "मग असू दे," म्हणाल्या आणि खेळ पुन्हा सुरू झाला.

साईश म्हणजे आमच्या केंद्रावरचा सगळ्यांत चांगला मुलगा. वय बारा, अंगानं काडी. त्याची माणसं मूळची दोडामार्गकडची. वडील खाणीच्या ट्रकवर ड्रायव्हर, आई दुसऱ्यांच्या शेतात कामाला जायची, आणि तिघं मुळगावात एका खोलीत भाड्यानं राहत. बॉल पायात आला की साईश डाव्या खांद्यानं किंचित खोटं वळायचा. समोरचा फसायचा आणि हा उजवीकडून निघून गेलेला असायचा. हे मी त्याला शिकवलं नव्हतं, टीचरांनीही नव्हतं. मी क्लबमध्ये आठ वर्षं काढली होती. असे पाय मी तीन-चारच बघितले होते.

एका रविवारी आम्ही धारगळच्या केंद्राशी खेळायला गेलो. तिथलं मैदान हमरस्त्याला लागून आहे, गाड्यांच्या आवाजात स्वतःची शिट्टी ऐकू येत नाही. टीचर खुर्ची बसमध्ये घालून घेऊन आल्या होत्या. अर्ध्या वेळेपर्यंत आम्ही दोन गोलांनी पुढं होतो, दोन्ही साईशचे. धारगळचा एक मुलगा तापानं आला नव्हता, ते दहाच जण खेळत होते. टीचर उठल्या, संत्र्याच्या फोडी वाटत त्यांच्या मुलांपर्यंत गेल्या आणि येताना त्यांचा एक शर्ट घेऊन आल्या.

"साईश, हा घाल. आता तू त्यांच्यातून खेळ."

साईशनं माझ्याकडे बघितलं. मी टीचरांकडे बघितलं. त्या खुर्चीत बसून हमरस्ता बघायला लागल्या होत्या. मग दहा जणांचे आम्ही झालो, अकरा जणांचे ते, आणि साईशनं आपल्याच मित्रांवर तीन गोल केले. आम्ही हरलो. आमच्या गौरांगनं मात्र, हा आमचा बचावातला जाडसर आणि अखंड बडबड्या मुलगा, एकदा साईशच्या पायातून बॉल काढून घेतला, आणि परतताना बसमध्ये बाकीची मुलं त्यावरच नाचत होती. साईश शेवटच्या सीटवर खिडकीला डोकं लावून बसला होता.

मी विचारलं, "टीचर, असं का केलंत?"

"त्यांच्यात एक कमी होता."

"पण साईशच का?"

"तोच जवळ उभा होता रे."

हे सगळं मी सहन केलं. खरं सांगायचं तर मला त्या आवडायलाही लागल्या होत्या. संध्याकाळी पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, गरम पोई घेऊन यायच्या, मुलांना एकेकाला हातानं तोडून द्यायच्या आणि शेवटचा तुकडा मला. पण मग क्लबकडून पत्र आलं. निवासी अकादमीच्या चाचणीसाठी प्रत्येक केंद्रानं दोन नावं द्यायची. टीचरांनी त्याच दिवशी दोन नावं लिहून कळवली. पहिलं गौरांगचं. दुसरं रोज वेळेवर येणाऱ्या एका शांत मुलाचं. साईशचं नव्हतंच.

मला वाटलं, चूक झाली असेल.

"टीचर, साईश राहिला."

"राहिला नाही. नाही दिलं."

"का?"

"त्याची हाडं अजून कोवळी आहेत. एक वर्ष जाऊ दे."

हे मला पटलं नाही, पण निदान ते कारण होतं. संध्याकाळी साईशची आई मैदानावर आली. शेतातून तशीच आली होती, पायांना चिखल. तिला टीचर म्हणाल्या, "बाय, तो तिथं जेवणार नाही. उपाशी राहील." आई मान हलवून गेली. आणि रात्र पडायच्या आत क्लबच्या युवा विभागाच्या प्रमुखांचा फोन आला. कधीतरी बघितलेला तो वळणारा मुलगा यादीत कसा नाही, असं त्यांनी विचारलं. टीचर शांतपणे म्हणाल्या, "हो का? विसरले असेन."

एका दिवसात तीन माणसांना तीन कारणं. मला राग आला, म्हणजे त्याच्या आधी मला काही समजेनासं झालं, आणि मग राग आला. कोवळी हाडं, जेवण, विसरणं. यांतलं खरं कुठलं? की एकही नाही? एका मुलाचं सगळं पुढचं आयुष्य यावर अवलंबून आणि ह्या बाईंना उत्तर एकसारखं द्यायचीही गरज वाटत नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना न विचारता प्रमुखांना साईशचं नाव कळवलं. ते म्हणाले, "घेऊन ये."

चाचणीत गौरांग आणि तो शांत मुलगा पहिल्याच फेरीत गळले. साईश खरोखर सुंदर खेळला. हिरवं, कापलेलं गवत त्यानं पहिल्यांदा बघितलं होतं आणि त्यावरून तो असा गेला की कडेला उभे असलेले दुसऱ्या केंद्रांचे कोच बोलायचे थांबले. त्याच दिवशी निवड झाली. त्याच्या आईनं माझ्या हातात पेढ्यांचा पुडा ठेवला. तो घेऊन मी टीचरांसमोर उभा राहिलो आणि काय केलं ते सांगून टाकलं. बोलणी खायची तयारी ठेवली होती.

"बरं केलंस," त्या म्हणाल्या. पेढा तोंडात टाकला. "आणखी एक दे. गौरांगला देते."

शनिवारी त्यांनी साईशला सगळ्या मुलांपुढं उभं केलं आणि त्याचं ते वळणं सगळ्यांना शिकवून जायला सांगितलं. त्यानं अर्धा तास प्रयत्न केला. एकालाही आलं नाही. तो स्वतःच हसून खाली बसला. मग पोई खाल्ली आणि गेला.

त्यानंतर काही महिन्यांनी क्लबनं ठरवलं की केंद्राचा मुख्य लायसन्सवालाच हवा. टीचरांना हे मी सांगावं, असा निरोप आला. मी दोन दिवस वाक्यं जुळवत होतो. मैदानावर गेलो आणि सगळी विसरून म्हणालो, "टीचर, त्यांनी मला मुख्य केलंय."

"मग मी घरी जाऊ?"

"तुम्ही या की रोज. तुम्ही आल्याशिवाय..."

"नको. दोन दोन मुख्य कशाला." फाटकाची चावी त्यांनी माझ्या हातावर ठेवली. "खुर्ची माझी आहे. ती नेते."

खुर्ची घेऊन त्या रस्त्यानं चालू लागल्या. थोडं पुढं जाताच दोन मुलं धावत गेली आणि त्यांच्या हातातली खुर्ची घेतली. मग आणखी मुलं गेली. त्या दिवशी माझा सराव झालाच नाही. दुसऱ्या दिवशी मी चौकोनी मैदान आखलं. मुलं मुकाट्यानं खेळली.

दीड वर्षानं साईश परत आला. क्लबनं त्याला सोडलं होतं. पंधरा वर्षांखालच्या संघासाठी त्याला घेतलं नाही. माझ्याकडे अहवालाची प्रत आली. दोन पानं इंग्रजीत, चौदा मुद्दे: वेग, ताकद, निर्णय, मनोवृत्ती, असे. प्रत्येकापुढं गुण आणि एकेक ओळ. तिथल्या कोचना मी ओळखत होतो. सगळी भली माणसं. त्यांनी त्याला उपाशी ठेवलं नव्हतं की मारलं नव्हतं. अकादमीत त्याच्यासारखी आणखी वीस मुलं होती, एवढंच.

आठवड्यानं त्याची आई फाटकाशी आली.

"सर, ह्यो घराभायर पडणाच नाय. शाळेतसुद्धा जाणा नाय. बोलणा नाय. माजा कायव चुकला काय?"

मी त्यांच्या खोलीवर गेलो. साईश चांगला वीतभर वाढला होता. पलंगावर बसून होता आणि तो अहवाल घडी करून हातात धरला होता. मी पुष्कळ बोललो. माझ्या गुडघ्याची गोष्ट सांगितली. उशिरा नावारूपाला आलेल्या खेळाडूंबद्दल सांगितलं. उद्यापासून माझ्याबरोबर सराव कर, म्हणालो. तो प्रत्येक वाक्याला "होय सर" म्हणत होता. बाहेर आलो तेव्हा मला कळलं की त्यानं एकही वाक्य ऐकलं नव्हतं.

मी तसाच टीचरांच्या घरी गेलो. त्या अंगणात कोकमाची सालं वाळत घालत होत्या.

"टीचर, तुमचं बरोबर होतं."

"काय बरोबर होतं?"

"साईशला न पाठवणं. त्याला सोडलं त्यांनी."

त्या हात पुसत उभ्या राहिल्या. "दीड वर्ष खेळला ना तिथं?"

"हो."

"हिरव्या मैदानावर?"

"हो."

"मग माझं बरोबर काय होतं?"

मी म्हणालो, "म्हणजे मी पाठवलं ते बरोबर?"

"तो बोलत नाही म्हणतोस ना? मग तेही कसं बरोबर असेल?" त्या आत गेल्या, साडी बदलून आल्या. "चल. स्कूटर हळू चालव."

वाटेत मी विचारत राहिलो की त्याला काय सांगायचं. त्या वाऱ्यात काहीतरी म्हणाल्या, मला नीट ऐकू आलं नाही.

आम्ही गेलो तेव्हा साईशची आई बाहेरच्या पडवीत चुलीवर घावणे काढत होती. टीचरांना बघून ती उठायला लागली, तिला त्यांनी हातानं बसवलं. आत जाऊन साईशच्या शेजारी पलंगावर बसल्या. त्याला जवळ घेतलं नाही की डोक्यावरून हात फिरवला नाही. "दे बघू," म्हणून तो अहवाल मागितला, उघडला आणि मग त्यांच्या लक्षात आलं की चष्मा घरी राहिला. "काही दिसत नाही मला," म्हणून घडी करून परत दिला.

बाहेर तव्यावर पीठ पडल्याचा आवाज यायचा, तेवढाच. मी दारात उभा होतो. त्यांनी आता काहीतरी सांगावं म्हणून मी मनातल्या मनात धावा करत होतो. हाडांचं सांगा, जेवणाचं सांगा, काहीही सांगा.

शेवटी साईशच बोलला. दहा दिवसांत तो पहिल्यांदा आपणहून बोलत होता.

"टीचर, तुमी माका तेव्हा कित्याक धाडूक नाय?"

का पाठवलं नाही, दीड वर्ष मलाही हेच विचारायचं होतं. टीचर त्याच्याकडे बघत राहिल्या. कपाळाला आठ्या घालून त्या खरंच आठवत होत्या, मी बघत होतो. ओठ एकदोनदा हलले. काहीतरी म्हणणार होत्या, ते त्यांना पटलं नाही. पुन्हा विचार केला. तेही टाकून दिलं. मुलानं अवघड गणित घातल्यावर खडू हातात घेऊन फळ्यापुढं उभी राहिलेली बाई दिसावी, तशा त्या दिसत होत्या.

"म्हाका खबर ना रे," त्या म्हणाल्या. "खरंच. मला माहीत नाही."

मला वाटलं, आता साईश रडणार. हातात चौदा मुद्दे आणि समोर ही बाई, जिला एकही मुद्दा सांगता येत नाही. मी पुढं होणार इतक्यात त्याच्या तोंडातून एक चमत्कारिक आवाज आला. तो हसत होता. आधी नाकातून, मग पोट धरून. "तुमका खबर ना?" असं म्हणायचा आणि पुन्हा हसायचा. टीचर आधी जरा रागावल्यासारख्या झाल्या, "हसतोस काय," म्हणाल्या, आणि मग त्यांनाही हसू आवरेना. दोघं पलंगावर बसून असे हसत होते की पलंग करकरत होता.

त्यात हसण्यासारखं काय होतं, हे मला तेव्हाही कळलं नाही, आजही कळलेलं नाही. टीचर आता बेळगावला मुलीकडे असतात. फोनवर एकदा मी हा विषय काढला, तर म्हणाल्या, "कोण साईश? अच्छा, तो." साईश गावच्या संघातून खेळतो, मधल्या फळीत. ठीक खेळतो.

पण त्या दिवशी हसण्याचा आवाज ऐकून त्याची आई चुलीवरचा घावणा तसाच टाकून आत आली होती. हात कोपरापर्यंत तांदळाच्या पिठानं माखलेले. दारात माझ्या शेजारी उभी राहून तिनं आधी मुलाकडे बघितलं, मग टीचरांकडे, आणि शेवटी माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "सर, काय सांगल्यानी ओ टीचरनी तेका?"

बाहेर घावणा करपल्याचा वास सुटला होता. मी चुलीवरचा तवा उतरवायला बाहेर गेलो.